रुग्णसेवेच्या उंबरठ्यावर

बारावीचा निकाल लागला की आमच्या मावळात दरवर्षी एक ठरावीक धावपळ सुरू होते. पवनेकाठची, नाणे मावळातली, आंदर मावळातली मुले-मुली दाखल्यांसाठी वडगावच्या कचेरीत रांगा लावतात. कोणी यंत्रविद्येकडे वळतो, कोणी हॉटेलच्या धंद्याचे शिक्षण घ्यायला जातो. पण अलीकडे पुष्कळ मुली, आणि आता काही मुलगेही, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट धरतात. एखाददुसरा डॉक्टरीला जातो, कोणी प्रयोगशाळेतले रक्त तपासण्याचे काम शिकतो. कोणाला तळेगावात जागा मिळते, कोणाला पिंपरी-चिंचवडला, कोणाला पुण्यात. मग लोणावळ्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये नवे पांढरे डगले दिसू लागतात.

मी स्वतः डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण शिफारसपत्रावर सही घेण्याच्या निमित्ताने ही मुले येतात, बरोबर आईवडील येतात, आणि दोन गोष्टी बोलल्या जातात. फी किती, वसतिगृह कसे, जेवणाची सोय काय, हे सगळे प्रश्न निघतात. एका कागदाबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रवेशाच्या गठ्ठ्यात खाली कोठेतरी तो असतो. त्याच्यावर लिहिलेले असते, ‘वैद्यकीय तपासणी व लसीकरण’. त्या कागदाविषयी लोकांच्या मनात दोनच भाव मला आढळले. पहिला असा की, “ही नुसती फॉर्मॅलिटी, ओळखीच्या डॉक्टरची सही घेतली की झालं.” दुसरा भाव बोलून दाखवला जात नाही, डोळ्यांत दिसतो. “सर, तपासणीत काही निघालं तर पोरीचं ॲडमिशन जाईल का?”

आजचे माझे भाषण या दोन भावांविषयी आहे. पहिला बेफिकिरीचा आहे, दुसरा भीतीचा. दोहोंचा परिणाम एकच होतो. कागदावर सही होते, शिक्का उमटतो आणि मुलगी कोणत्याही संरक्षणावाचून रोग्याच्या खाटेपाशी जाऊन उभी राहते.

आधी बेफिकिरीचा विचार करू. रुग्णसेवा हे पुण्यकर्म आहे असे आपण म्हणतो. पण पुण्यकर्म करणाऱ्याला रोग सोडतो, असे कोठेही घडलेले नाही. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि घाट चढून तो पुण्यात पोचला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घालून दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता दुसरी तारीख ऐका. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ त्याच सुमारास प्लेगच्या जंतूंवर काम करीत होते. त्यांनी तयार केलेली प्लेगची लस सर्वांत आधी कोणाला टोचली? स्वतःलाच. तो दिवस होता १० जानेवारी १८९७. म्हणजे सावित्रीबाईंच्या निधनापूर्वी बरोबर दोन महिने. लस नुकती जन्माला आली होती. ती माणसामाणसांपर्यंत जायला वेळ लागणार होता. त्या काळी सेवा करणाऱ्याला रोगापुढे उघड्या अंगाने उभे राहण्यावाचून इलाज नव्हता. आज इलाज आहे. आणि योगायोग असा की, ज्या हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, तेथेच आज सीरम इन्स्टिट्यूटचा कारखाना आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या लशी जगभर जातात. लोणावळ्याहून पुणे आगगाडीने चौसष्ट किलोमीटर. लस जगाच्या टोकाला पोचते आणि आमच्या मावळातली मुलगी ती न टोचता वॉर्डात जाते, याला काय म्हणावे?

रुग्णालयात शिरणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः तीन वाटांनी धोका येतो. एक रक्ताची वाट, दुसरी हवेची, आणि तिसरी लहानपणीच्या आजारांची. एकेक पाहू.

रक्ताच्या वाटेवर सर्वांत मोठा चोर म्हणजे ब प्रकारची कावीळ, डॉक्टर जिला हिपॅटायटिस बी म्हणतात. पावसाळ्यात घाण पाण्याने होणारी कावीळ आपल्या परिचयाची आहे. ही तिच्याहून वेगळी. ती रक्तातून जाते, यकृतात घर करते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे गुपचूप राहते. ज्याच्या अंगात ती आहे त्यालाही पत्ता नसतो. शिकाऊ परिचारिका सुई टोचायला शिकते, रक्त काढायला शिकते. नवशिक्या हातून सुई निसटते आणि बोटाला टोचते. यात तिचा दोष नाही. सुतारकी शिकणाऱ्याच्या बोटावर हातोडी बसायचीच. पण ती सुई ब काविळीच्या रोग्याच्या रक्ताची असेल आणि मुलीला लस टोचलेली नसेल, तर बाधा होण्याचा संभव शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. तुलनेसाठी सांगतो. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हाच संभव हजारात तीनच्या आसपास आहे. लोक भितात एड्सला, आणि खरा धोका त्याच्या कितीतरी पट जास्त असतो तो या काविळीचा. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस तग धरून राहतो. म्हणून टेबल पुसणारी आया आणि कचऱ्याची पिशवी उचलणारा सफाई कामगार यांनाही तो गाठू शकतो.

या चोरावर मात्र भक्कम कुलूप आहे. ब काविळीची लस तीन वेळा टोचावी लागते. पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. निरोगी तरुण माणसांत शंभरातल्या नव्वदांहून अधिकांना तिने पुरते संरक्षण मिळते. तरी उरलेल्यांचे काय? त्यासाठी तिसऱ्या टोचणीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे मोजतात. ती दहा एककांच्या वर असली की काम फत्ते. नसली तर पुन्हा तीन टोचण्या देऊन पाहतात. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ऑक्टोबरात पुन्हा बसवतात, तसाच हा प्रकार.

येथे कोणी म्हणेल, “अहो सर, आता सगळ्या लशी लहानपणीच देतात की!” देतात, हे खरे. पण सरकारच्या बाल-लसीकरणात ब काविळीची लस प्रथम काही मोजक्या राज्यांत प्रयोगादाखल आली आणि साऱ्या देशात पोचायला २०११ साल उजाडले. आज अठरा-एकोणीस वर्षांची असलेली मुले त्याच्या आधी जन्मलेली आहेत. कोणाला खाजगी दवाखान्यात मिळाली असेल, कोणाला नसेल. तेव्हा ‘मिळाली असेल’ या अंदाजावर विसंबून चालणार नाही. कार्ड पाहावे. कार्ड हरवले असेल तर रक्त तपासावे, नाहीतर टोचणीच सुरू करावी.

आता दुसरी वाट, हवेची. या वाटेने क्षय येतो. क्षयाचे जंतू डॉ. कॉख यांनी १८८२ साली शोधले. त्यानंतर चारच वर्षांनी आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकवीस. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि दूध, एवढेच उपचार. म्हणून तर पुढे १९१२ साली पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यभवन काढले. औषधांचे युग आले ते १९४० नंतर.

“हे सगळे जुने झाले,” असे कोणी म्हणू नये. पुण्यातल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत एक पाहणी झाली. शिकाऊ डॉक्टर आणि इतर वैद्यकीय विद्यार्थी मिळून ६६२ जणांची ती पाहणी होती. त्यांपैकी २६ जणांना क्षय झालेला आढळला. त्यांतल्या तिघांचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होता. २६ ही संख्या ऐकायला लहान वाटते. पण हिशेब मांडला तर वर्षाला दर लाखात तीन हजारांहून जास्त असे प्रमाण पडते. साऱ्या देशाचे प्रमाण दर लाखात दोनशेच्या आसपास. ही तरुण मुले होती, धडधाकट होती, औषधांच्या भांडाराशेजारी राहणारी होती. तरीही बाहेरच्या माणसाहून त्यांना धोका कित्येक पट अधिक होता.

विदर्भातले उदाहरणही बोलके आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत २००४ साली ७२६ कर्मचारी आणि विद्यार्थी यांची तपासणी झाली. क्षयाचा जंतू शरीरात एकदा तरी शिरून गेल्याची खूण सुमारे निम्म्या जणांत मिळाली. त्यांना क्षय झाला होता असे नव्हे. जंतू आत शिरणे निराळे आणि रोग होणे निराळे. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पालकांची निम्मी भीती तो न समजल्यामुळे असते.

जंतू शिरला की नाही हे पाहण्याची जुनी परीक्षा म्हणजे मांटू. हाताच्या पुढच्या भागावर कातडीत एक लहानसे इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांनी तेथे गाठ किती आली ते मोजतात. आता रक्ताची परीक्षाही निघाली आहे. मांटूत गाठ आली की घरी रडारड सुरू होते. वास्तविक आपल्या देशात पंधरा वर्षांवरील दर तिघांपैकी सुमारे एकाच्या शरीरात हा जंतू निपचित पडलेला आहे. माझ्यातही असेल, आपल्यातही असेल. अशा शंभरांपैकी पाच-दहाच जणांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. तेव्हा गाठ आली याचा अर्थ एवढाच की छातीचा फोटो काढा, खोकला-ताप आहे का ते विचारा, आणि रोग नसेल तर डॉक्टर सांगतील ते प्रतिबंधक औषध काही आठवडे किंवा काही महिने घ्या.

याबाबत नॉर्वे देशातली एक हकीगत मोठी उद्बोधक आहे. ऑस्लो शहरातल्या उल्लेव्हॉल रुग्णालयात १९२४ पासून डॉ. हाइमबेक यांनी नव्याने येणाऱ्या शिकाऊ परिचारिकांची अशीच परीक्षा घेण्यास सुरुवात केली. सुमारे निम्म्या मुलींत जंतूची खूण होती, निम्म्या अगदी कोऱ्या होत्या. आपण म्हणू, कोऱ्या त्या सुरक्षित. झाले उलटेच. तीन वर्षांच्या शिक्षणात त्या कोऱ्या मुलींपैकी जवळजवळ सगळ्यांत जंतू शिरला, आणि क्षयाने आजारी पडल्या त्या मुख्यतः याच मुली. ज्यांच्या शरीराला जंतूची आधीच ओळख होती त्या पुष्कळशा तगल्या. मग डॉ. हाइमबेक यांनी कोऱ्या मुलींना बी.सी.जी. टोचण्यास आरंभ केला. तात्पर्य, पहिल्या दिवशीची नोंद मुलीला वगळण्यासाठी नसते. कोणत्या मुलीवर अधिक लक्ष ठेवायचे हे कळण्यासाठी असते. आज गाठ नव्हती आणि वर्षाने आली, तर जंतू याच वर्षात शिरला हे समजते आणि लगेच औषध देता येते. पहिली नोंदच नसेल तर दुसरीला अर्थ उरत नाही. आम्ही अर्थशास्त्रात आधारवर्ष धरतो ते याचसाठी.

आपण म्हणाल, आपल्या डाव्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण आहे, मग काळजी कशाची? तो व्रण लहान मुलांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या क्षयापासून, वाचवतो. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र तो भरवशाची ढाल नाही. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून झालेल्या मोठ्या प्रयोगाने हे दाखवून दिले. म्हणून क्षयाच्या बाबतीत लशीपेक्षा सावधपणाच जास्त उपयोगी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी अंग तापू लागले, वजन उतरले, रात्री घाम येऊ लागला, तर विद्यार्थिनीने तो अभ्यासाचा शीण समजू नये. थुंकी तपासून घ्यावी.

आणि दोन साध्या गोष्टी. एक हवा. आमच्या लोणावळ्यात जून ते सप्टेंबर असा काही पाऊस कोसळतो की चार महिने आम्ही खिडक्या उघडत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात. घरी ते चालते. वसतिगृहाच्या खोलीत सहा-सहा मुली आणि खिडक्या बंद, किंवा वॉर्डात खोकणारे रोगी आणि तावदाने बंद, हे चालणार नाही. क्षयाचे जंतू बंद हवेत तरंगत राहतात. वाहत्या हवेत ते पांगतात. दुसरी गोष्ट अन्न. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना सकस शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन लोकल पकडणाऱ्या आणि दुपारी वडापाववर दिवस काढणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या मेसचे ठेके देणाऱ्यांनी तर जास्तच.

तिसरी वाट लहानपणीच्या आजारांची. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या. “हे तर पोरांचे आजार!” असे आपण म्हणतो. पण मोठ्या माणसाला कांजिण्या आल्या तर त्या मुलांपेक्षा जड जातात. शिवाय येथे प्रश्न एकट्या मुलीचा राहत नाही. शिकाऊ परिचारिका आज बाळंतिणींच्या वॉर्डात असते, उद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपाशी. गोवराचा रोगी अंगावर पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस रोग पसरवीत असतो. म्हणजे मुलीला स्वतःला कळायच्या आत तिने तो बाळापर्यंत नेलेला असतो. रुबेला गरोदर स्त्रीला झाला तर पोटातल्या मुलाला बहिरेपण, आंधळेपण येऊ शकते. जी मदत करायला गेली तिच्याच हातून अपाय झाला, याहून वाईट काय?

यावरही लशी आहेत. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्यात आली. आज महाविद्यालयात आलेल्या पुष्कळ मुलांना ती तेव्हा मिळालेली आहे. त्या वेळचा कागद घरात शोधावा. नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या घेता येतात. कांजिण्या येऊन गेल्या नसतील तर त्यांच्याही दोन. गरोदरपणात मात्र या लशी देत नाहीत. आणखी एक बारकावा. गोवराची लस घेतल्यावर काही आठवडे मांटूची परीक्षा फसवी निघू शकते. म्हणून मांटू आधी करावी किंवा दोन्ही एकाच दिवशी. धनुर्वात आणि घटसर्पाची लस दर दहा वर्षांनी, आणि फ्लूची दरवर्षी. यादी येथे संपली. ऐकायला लांब, करायला सोपी.

आता दुसऱ्या भावाकडे, भीतीकडे वळू. ‘तपासणी’ हा शब्द पुण्याच्या माणसाला उगाच खुपत नाही. १८९७ च्या प्लेगात रँडसाहेबाच्या हुकुमाने गोरे शिपाई घराघरांत शिरले. बायाबापड्यांची तपासणी झाली, देवघरे विटाळली, सामान रस्त्यावर आले. रोग हटवण्याचा हेतू होता. पण ज्यांची तपासणी करायची त्यांना माणूस म्हणून वागवायचे असते, हे अधिकारी विसरले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते आपण जाणताच. तपासणी संमतीवाचून आणि अब्रू न राखता केली, तर लोक रोग लपवू लागतात. रोग लपला की पसरतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या महाविद्यालयांनाही लागू आहे.

एका ठिकाणी मी ऐकले की, विद्यार्थिनींचे रक्ताचे निकाल सूचनाफलकावर नावानिशी लावले होते. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी हे केले त्यांच्या मनात वाईट नसेल. परीक्षेचे निकाल लावतो तसे हेही लावले. परंतु गणितातल्या गुणांनी लग्न मोडत नाही. एका रक्ताच्या निकालाने मोडू शकते. असा एक कागद फलकावर लागला की पुढच्या वर्षी साऱ्या गावात कोणी खरी तपासणी करून घेत नाही. सगळ्या सह्या ओळखीच्या डॉक्टरांकडून येतात.

म्हणून काही गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात. कोणाच्या रक्तात ब काविळीचा विषाणू आढळला, तर तेवढ्याने परिचारिकेचे किंवा डॉक्टरीचे शिक्षण बंद करण्याचे कारण नाही. जगभरच्या तज्ज्ञांचे मत तसेच आहे. त्या मुलीला यकृताच्या डॉक्टरकडे पाठवावे, औषध लागत असेल तर ते सुरू करावे, आणि काही थोड्या शस्त्रक्रियांच्या कामांत काय काळजी घ्यायची ते ठरवावे. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा काविळीविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला आहे. त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उलट, तिला हे आजच कळले हे तिचे भाग्य. नाहीतर वीस वर्षांनी यकृत निकामी झाल्यावर कळले असते.

क्षय निघाला तर तोही बरा होतो. औषध मोफत आहे, साधारण सहा महिन्यांचे आहे. योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच ओसरतो. थोड्या विश्रांतीनंतर मुलगी परत वर्गात येते. वर्ष वाया जाऊ नये ही जबाबदारी तिची नव्हे, संस्थेची.

एड्सच्या विषाणूबाबत तर कायदाच आहे. २०१७ साली संसदेने केलेला तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याप्रमाणे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एच.आय.व्ही.ची चाचणी ही अट घालता येत नाही. चाचणी करायची ती समजावून सांगून, संमती घेऊन. निकाल गुप्त राखायचा. एवढेच नव्हे, तर जेथे रुग्णसेवेत अशा संसर्गाचा धोका आहे, तेथे कर्मचाऱ्यांना हातमोजे वगैरे साधने, सावधगिरीचे शिक्षण आणि सुई टोचल्यास औषध देणे हे संस्थेवर बंधनकारक आहे. “सर, काही निघालं तर ॲडमिशन जाईल का?” या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. जाता कामा नये. आणि कोणी घालवीत असेल, तर विचारणा करण्याचा आपला अधिकार आहे.

सुई टोचलीच तर काय करायचे, हेही सांगून ठेवतो. मुली घाबरून बोट चोखतात किंवा पिळतात. दोन्ही करू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब वरच्या सिस्टरना सांगावे. “ओरडतील” म्हणून लपवू नये. एच.आय.व्ही.चे प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते; मग २८ दिवस घ्यायचे. ब काविळीची लस झालेली नसेल तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि लस दोन्ही लगेच द्यावी लागतात. झालेली असेल आणि तसा कागद जवळ असेल, तर त्या काविळीची चिंता राहत नाही. पाहा, एका कागदाची किंमत किती!

आता खर्चाचे. माझा तो विषय. ब काविळीच्या तीन टोचण्यांचा खर्च सहसा एका जाड पाठ्यपुस्तकाच्या किमतीपलीकडे जात नाही. मग तो कोणी करावा? माझे मत विचाराल तर संस्थेने. खाणीत उतरणाऱ्याला डोक्यावरचे टोप मालक देतो, मजूर विकत आणीत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांतही विद्यार्थिनींची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि धनुर्वात, ब कावीळ यांच्या लशीची तरतूद आहे. पालकांनी प्रवेश घेताना मेसचे दर जसे विचारावे, तसेच हेही विचारावे, “लसी केव्हा टोचणार? तपासणी कोण करणार? निकाल कोणाजवळ राहणार?” तीन प्रश्न. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय समजायचे ते समजावे.

आणि वेळेचा हिशेब. ब काविळीच्या लशीला सहा महिने लागतात, हे मी सांगितलेच. वॉर्डात जायच्या आदल्या आठवड्यात सुरू केली तर ती तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखी. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. ज्याने या वाटेने जायचे पक्के केले आहे, त्याने मे-अखेरीस पहिली टोचणी घ्यावी. जूनअखेर दुसरी. तोवर प्रवेशाच्या याद्या लागतात. तिसरी नोव्हेंबरच्या शेवटी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर. वर्ष संपायच्या आत मुलीच्या हाती पुरे झालेले कार्ड येते. प्रवेश मिळाला नाही तरी नुकसान काहीच नाही. लस फुकट जात नाही, ती जन्माची सोबत करते. ते कार्ड दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत, त्यांच्याच बरोबर ठेवावे.

श्रोतेहो, १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस देशात सुरू झाली तेव्हा पहिला मान आरोग्यसेवकांना दिला गेला. कोणी कुरकुर केली नाही. जो रोग्याजवळ उभा राहतो त्याला आधी सुरक्षित करावे, हे सगळ्यांना पटले होते. ती महामारीपुरती समजूत होती, असे होऊ नये. रुग्णालयात रोज कोणती ना कोणती साथ असतेच. ज्या घरातून यंदा एखादी मुलगी किंवा मुलगा या सेवेला निघाला असेल, त्या घराने आज एवढेच करावे. लहानपणचे लसीचे कार्ड शोधून काढावे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवून काय उरले ते विचारावे. डगला शिवायला टाकायच्या आधीच हे करावे.